प्लिकर्स: फोन एकट्या बाईंकडे, उत्तरं सगळ्या वर्गाची

ज्यांच्या शाळेत मुलांकडे टॅब नाहीत, कॉम्प्युटर रूममधले मॉनिटर चादरीखाली झाकलेले आहेत आणि वर्गात चालू असलेला एकमेव स्मार्टफोन म्हणजे बाईंचा नाहीतर सरांचा स्वतःचा, हा रिव्ह्यू त्यांच्यासाठी आहे. बाकीच्यांनीपण वाचा, पण तुमच्याकडे याहून भारी गोष्टी असतील.

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर सहावी-सातवीला गणित-विज्ञान शिकवते. प्लिकर्स बरेच दिवस वापरतेय, त्याच्या जोडीला वर्गाचा एक ब्लॉगपण चालवतो आम्ही, दोन्हीबद्दल लिहिते, पण मुख्य प्लिकर्सबद्दल.

तर हे एक ॲप आणि त्याच्याबरोबर कागदाची कार्डं. कार्डांची पीडीएफ त्यांच्या साईटवरून फुकट उतरवता येते, एका पानावर दोन कार्डं, नेहमीचा सेट ४० चा म्हणजे २० पानं, आणि वर्ग मोठा असेल तर ६३ चापण सेट आहे. आरटीईत (शिक्षण हक्क कायद्यात) सहावी ते आठवीला ३५ मुलांमागं एक शिक्षक असं लिहिलंय, त्यामुळे कागदोपत्री तरी ४० कार्डांत सगळे बसतात. प्रत्येक कार्डावर क्यूआर कोडचा थोरला भाऊ वाटावा असा एक काळा ठोकळ्यांचा आकार असतो, प्रत्येकाचा वेगळा, आणि त्याच्या चार बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. मुलाला जे उत्तर वाटतं ते अक्षर वर येईल असं कार्ड फिरवून समोर धरायचं, बाईंनी फोनचा कॅमेरा वर्गावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवायचा, की फोनवर पोरांची नावं उमटायला लागतात, बरोबरवाली हिरवी, चुकलेली लाल, आणि कुठल्या पर्यायाला किती जण तेपण. बस, एवढंच आहे ते. पोरांना फोन नको, लॉगिन नको, पासवर्ड विसरणं नको.

आता यात विशेष काय? तर शेजारच्याचं बघून उपयोग नाही. शेजारच्याच्या कार्डाचा आकारच वेगळा असल्यामुळे त्याचं कार्ड जसं दिसतंय तसं आपलं धरलं तर भलतंच उत्तर जाणार, आणि अक्षरं इतकी बारीक की मागच्या बाकावरून वाचताच येत नाहीत. हात वर करायला सांगितलं की काय होतं ते तुम्हाला माहितीये, पहिल्या दोन बाकांवरची ठरलेली चौघं-पाचजणं हात वर करतात, त्यांच्याकडे बघून मग बाकीचे अर्धा-अर्धा हात वर करतात (खांद्यापर्यंत, म्हणजे बाईंनी बघितलंच तर डोकं खाजवत होतो असं म्हणता येतं), आणि ‘समजलं का सगळ्यांना?’ विचारलं की ‘होऽऽ बाई’. त्या होऽऽ वर विसंबून कितीतरी तास पुढं ढकलले जातात. प्लिकर्समधे न बोलणारी पोरगीसुद्धा उत्तर देते, कारण कार्ड धरण्यात लाज वाटायचं कारण नाही, चुकलं तरी ते फक्त बाईंच्या फोनवर दिसतं.

एक उदाहरण देते म्हणजे कळेल. दशांश अपूर्णांक शिकवून झाले, स्वाध्याय सोडवून झाला, बेरजा बरोबर. मग प्रश्न टाकला, यातली सगळ्यात मोठी संख्या कोणती: ए) ०.५, बी) ०.४५, सी) ०.१२५, डी) ०.०९. वर्गातल्या निम्म्याहून जास्त पोरांचं सी! का, तर १२५ हे ५ पेक्षा मोठं. बेरीज करताना हे कधीच दिसत नाही, कारण तिथं दशांशचिन्हाखाली दशांशचिन्ह लिहायची सवय लावलेली असते आणि सवयीनं उत्तर येतं. आणि दोघं-तिघं डी वर होते, त्यांचं डोकं आणखी वेगळं चालत होतं, दशांशचिन्हानंतर जितकं पुढं जाऊ तितकं लहान होतं हे आठवत होतं पण ते उलटं लावलं. म्हणजे चुका दोन, कारणं दोन, दोघांना सांगायचं वेगवेगळं. वही तपासून हे कळलं असतं का? कळलं असतंही, पण दुसऱ्या दिवशी, गठ्ठा घरी नेऊन. इथं तासातच कळतं आणि तासातच काहीतरी करता येतं.

यावरून एक गोष्ट आधीच सांगून टाकते, या ॲपची सगळी मजा चुकीच्या पर्यायांत आहे. बरोबर उत्तर कुणीही लिहील, चुकीचे तीन पर्याय असे हवेत की प्रत्येकामागं पोराचा काहीतरी विचार असला पाहिजे. उगाच भरतीचा पर्याय टाकला (भारताची राजधानी कोणती तर एक पर्याय आंबा, असले) तर स्कॅन करून हिरवं-लाल दिसतं पण त्यातून शिकण्यासारखं काही हाती लागत नाही. हे काम ॲप करून देत नाही. माझा साठा मी पोरांच्या वह्यांतल्या चुकांवरूनच बनवते, शिक्षण परिषदेला गेलं की दुसऱ्या शाळेतल्या बाईंकडूनपण घेते. टाचण (तासाची लेखी तयारी) काढताना दोन प्रश्न विचार करून लिहायचे, दहा नकोत.

दुसरी गोष्ट म्हणजे थांबणं. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात वर्गातल्या रेकॉर्डिंगवरून दाखवलं होतं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एखादा सेकंद थांबतात आणि लगेच दुसऱ्याला विचारतात नाहीतर स्वतःच उत्तर देऊन टाकतात, आणि तेच तीन सेकंद थांबले तर पोरांची उत्तरं लांब होतात, गप्प बसणारीही बोलायला लागतात. डीएडला हे असलं वाचलेलं असतं हो, पण वर्गात शांतता झाली की शिक्षकालाच कसंतरी होतं. प्लिकर्समधे थांबावंच लागतं. पोरगं वाचणार, विचार करणार, कार्ड उलटं-सुलटं करून आपलं अक्षर वर आणणार, मग कॅमेरा फिरणार. एवढा वेळ बाई गप्प! मला वाटतं निम्मा फायदा या सक्तीच्या गप्प बसण्याचा आहे.

आणि खरा तास तर स्कॅन झाल्यावर सुरू होतो. लाल-हिरवं बघून लगेच ‘बरोबर उत्तर ए’ असं सांगून टाकलं तर तुम्ही एक चांगली गोष्ट वाया घालवली. हार्वर्डला एरिक माझूर म्हणून फिजिक्सचे प्रोफेसर आहेत, त्यांची मुलं परीक्षेत गणितं सोडवायची पण न्यूटनच्या नियमांवरचे साधे, आकडे नसलेले प्रश्न विचारले की गडबडायची, मग त्यांनी १९९१ पासून वर्गाची पद्धतच बदलली. प्रश्न टाकायचा, प्रत्येकानं एकट्यानं उत्तर द्यायचं, साधारण ३० ते ७० टक्के बरोबर असतील तर उत्तर न सांगता शेजाऱ्याशी वाद घालायला लावायचं आणि परत मत घ्यायचं. ३० च्या खाली असेल तर परत शिकवा, ७० च्या वर असेल तर थोडक्यात सांगून पुढं जा. माझूरांकडं हार्वर्डची मुलं होती, आमच्याकडं खिचडी कधी सुटते याकडे एक डोळा असलेली सातवी आहे, पण पद्धत इथंही चालते, उलट जास्त चालते कारण आमच्या पोरांना भांडायला आवडतं.

‘उन्हाळा का होतो?’ हा प्रश्न टाकून बघा. एप्रिलमधे पत्र्याखाली बसलेल्या वर्गाला विचारायला याच्याइतका चांगला प्रश्न नाही. ‘पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते म्हणून’ हा पर्याय ठेवा, भरघोस मतं पडतात, मोठ्या माणसांचीपण पडतात. मग उत्तर न सांगता फक्त एक माहिती फळ्यावर लिहायची: पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, साधारण १४.७ कोटी किलोमीटर, आणि सगळ्यात लांब जुलैच्या सुरुवातीला, साधारण १५.२ कोटी. आता बोला आपापसात. जो काही गोंधळ होतो! ‘अरे पण जानेवारीत तर आपण स्वेटर घालतो’, ‘मग पुस्तकात आकृती चुकली का’, एकानं तर मला विचारलं की ऑस्ट्रेलियात मॅच जानेवारीत असते तेव्हा तिथं उन्हाळा का असतो मग, आणि तिथून अक्षाच्या कलण्यापर्यंत पोरं जवळजवळ स्वतःच पोचली, मी फक्त पृथ्वीगोल तिरका धरून उभी होते. परत स्कॅन केलं तेव्हा चित्र बरंच बदललेलं. सगळ्यांचं नाही बदललं, तसं कधीच होत नाही, पण कोण अजून अडलंय त्यांची नावं माझ्या फोनवर होती.

आपल्याकडे तंत्रस्नेही म्हटलं की अजूनही व्हिडिओ आणि क्यूआर कोडच डोळ्यासमोर येतो. परितेवाडीच्या डिसले सरांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला, पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडचं त्यांचं काम सगळ्यांना माहितीये आणि ते मोठंच आहे, बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी बाकीच्या नऊ फायनलिस्टना वाटली तेही सगळ्यांना आठवत असेल. पण त्या कोडमधून माहिती पुस्तकाकडून मुलाकडे जाते. इथं मुलाच्या डोक्यात काय चाललंय ते शिक्षकाकडे येतं. दोन्ही पाहिजे. आमच्या ट्रेनिंगांमधे मात्र पहिल्याच प्रकारावर सगळा जोर असतो, दुसऱ्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

ट्रेनिंगवरून आठवलं, स्लाइडबद्दल. एका ट्रेनिंगला (कुठलं ते जाऊद्या) ‘विद्यार्थी सहभाग’ या विषयावर साहेबांनी गच्च भरलेल्या स्लाइडी एकामागून एक वाचून दाखवल्या, आमचा सहभाग चहापुरता. रिचर्ड मेयर या मानसशास्त्रज्ञानं यावर बरंच काम केलंय, चित्र आणि त्याबद्दल बोलणं यातून माणूस शिकतो, त्याच वेळी तेच बोललेलं वाक्य स्क्रीनवरपण लिहून दाखवलं तर उलट अडथळा होतो, कारण डोळे वाचतायत, कान ऐकतायत आणि दोन्हीचा वेग जुळत नाही. त्यामुळे ज्यांच्याकडे प्रोजेक्टर किंवा स्मार्ट टीव्ही आहे त्यांनी प्लिकर्सचा स्क्रीन वापरताना तिथं फक्त प्रश्न आणि एखादं चित्र ठेवा. लॅपटॉपवर त्यांची साईट उघडून ठेवली की फोनवरून प्रश्न बदलला की तिकडं बदलतो, पोरांची नावं दिसतात आणि ज्याचं कार्ड स्कॅन झालं त्याच्या नावावर खूण येते, पोरांना ते फार आवडतं, ‘बाई माझं नाही आलं’ म्हणून कार्ड नाचवतात. उत्तराचा आलेख मात्र पहिल्या मतदानानंतर दाखवू नका, दाखवला की सगळी पोरं बहुमताकडं पळतात. आणि प्रोजेक्टर नसेल तर काही अडत नाही, प्रश्न खडूनं फळ्यावर लिहा, मी कितीतरी वेळा तसंच करते, लाईट नसते तेव्हा तर दुसरा इलाजच नाही.

आता कार्डांच्या चार व्यावहारिक गोष्टी. साध्या झेरॉक्सच्या कागदावर काढली तर ती वाकतात आणि चुरगळतात, झेरॉक्सवाल्याला जाड कार्डशीटवर काढून मागा. चकचकीत लॅमिनेशन करू नका, खिडकीतलं ऊन त्यावर पडलं की कॅमेऱ्याला आकारच दिसत नाही, त्यापेक्षा जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यावर चिकटवा. पोरांना पहिल्या दिवशी एकच सांगायचं, बोटं काळ्या भागावर नकोत, कडेला धरा. कार्डाचा नंबर म्हणजे हजेरीचा नंबर ठेवला की वाटायला आणि गोळा करायला सोपं. खोली अंधारी असेल तर शेवटच्या बाकापर्यंत जरा चालत जावं लागतं, ते काही वाईट नाही. इंटरनेट लागतं, रेंजची बोंब असलेल्या गावांत हा खरा अडसर आहे. आणि ॲपची बटणं-बिटणं मी वापरते त्यात इंग्रजीच आहेत, पण प्रश्न मराठीत नीट टाईप होतात, अक्षरं फुटत नाहीत.

पोरांची नावं भरताना पूर्ण नाव-आडनाव टाकू नका, पहिलं नाव किंवा नुसता हजेरी नंबर पुरतो. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण बालकच धरलंय आणि त्यांच्या माहितीला पालकांची संमती लागते असं तत्त्व आहे, तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीच्या मीटिंगमधे एकदा दाखवून टाका काय करतोय ते. पालकांना स्वतःला कार्डं दिली तर आणखी चांगलं, आमच्याकडं एका मीटिंगला पालकांनीच उन्हाळ्याच्या प्रश्नावर मतदान केलं, निकाल सांगत नाही.

आता ब्लॉगचं. वादविवादानंतर ज्या पोरांचं उत्तर बदललं त्यांनी वहीत चार-पाच ओळी लिहायच्या, माझं आधी काय होतं, का होतं, आणि कशामुळे बदललं. ज्यांचं नाही बदललं त्यांनीपण, का नाही बदललं ते. यातलं काही निवडून आम्ही वर्गाच्या ब्लॉगवर टाकतो, ब्लॉगर वापरतो, गूगलनं २००३ साली घेतलेलं ते जुनं ब्लॉगर. दिसायला अगदीच साधं आहे, आजच्या पोरांना इन्स्टापुढं ते काहीच वाटत नाही हे खरंय, पण फुकट आहे, कुठल्याही फोनच्या ब्राउझरवर उघडतं, वाचणाऱ्याला लॉगिन लागत नाही. आपल्याकडच्या शिक्षकांना ते नवीनही नाही, जीआर आणि वर्कशीटचे ब्लॉग चालवणारे गुरुजी तालुक्यातालुक्यात आहेत. फरक इतकाच की हा शिक्षकाचा नाही, पोरांच्या लिखाणाचा. पूर्वी भित्तिपत्रक आणि हस्तलिखित असायचं, तेही आम्ही काढतोच, पण ते बघायला शाळेत यावं लागतं.

आणि इथंच आमच्या भागाचा मुद्दा येतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्याच्या टोळ्या निघाल्या की काही पोरं आईबापाबरोबर ऊसतोडीला जातात, हंगामी वसतिगृहामुळे बरीच मागं राहतात पण सगळी नाही. गेलेल्यांपैकी एकाच्या वडिलांच्या फोनवर ब्लॉगची लिंक पाठवलेली असते, कधी रात्री कोपीवर (ऊसतोडीच्या तळावरच्या झोपडीत) रेंज असेल तेव्हा पोरगं वाचतं, आणि खाली कमेंट करतं की ‘मला पण पहिलं सी वाटलं होतं’. शाळेपासून दोन जिल्हे लांब बसलेलं पोरगं वर्गातल्या भांडणात भाग घेतंय! याला व्हॉट्सॲप ग्रुप चालत नाही का असं सगळे विचारतात, तर नाही चालत, तिथं गुड मॉर्निंगच्या गुलाबांखाली दोन तासांत सगळं गाडलं जातं आणि महिन्यानंतर काही सापडत नाही.

दुसरं म्हणजे बाईंनी तपासायची वही आणि बाहेरचं कुणीतरी वाचणारं पान, यात पोरं आपोआप फरक करतात. वहीत ‘कारण ते बरोबर आहे’ एवढ्यावर सुटणारं पोरगं ब्लॉगसाठी म्हटलं की ‘बाई हे दुसऱ्याला कळंल का’ विचारतं. टाईप करायला वेळ लागतो म्हणून फोनवर मराठी कीबोर्डमधे बोलून टाईप करायला लावते, मग जे उमटलंय ते पोरं वाचून स्वतःच दुरुस्त करतात, त्यात शुद्धलेखनाचा तास उरकतो. नाहीतर वहीच्या पानाचा सरळ फोटो टाकायचा, आईवडलांना पोराचं अक्षर बघायला जास्तच आवडतं.

सेटिंगमधे तीन गोष्टी करा: कमेंट आधी तुम्ही बघितल्याशिवाय दिसणार नाहीत असं ठेवा, सर्च इंजिनला ब्लॉग दिसू द्यायचं बटण बंद करा, आणि पोरांचे चेहरे व आडनावं टाकू नका. ठराविक लोकांनाच दिसेल असंही करता येतं, पण मग प्रत्येक पालकाला गूगलच्या अकाउंटनं लॉगिन करावं लागतं आणि तिथं निम्मे पालक गळतात. रोज काहीतरी टाकायच्या भानगडीत मात्र पडू नका, आठवड्याला एक प्रश्न आणि त्यावरची पोरांची भांडणं एवढं भरपूर झालं, नाहीतर ते आणखी एक ऑनलाईन माहिती भरायचं काम होऊन बसतं आणि ती कामं काय आपल्याकडे कमी आहेत का.

दुसऱ्या ॲपांशी तुलना करायची तर कहूत हे क्विझचं ॲप नॉर्वेचं, २०१३ पासूनचं, धमाल आहे, संगीत वाजतं, पोरं नाचतात, पण वर्गात खेळायचं तर प्रत्येकाकडे किंवा निदान प्रत्येक गटाकडे फोन हवा, आणि जो लवकर उत्तर देईल त्याला जास्त गुण हे मला गणितासाठी पटत नाही, विचार करणारं पोरगं तिथं मागं पडतं. उजळणीला, स्नेहसंमेलनाच्या आधीच्या मोकळ्या दिवशी वगैरे छान. गूगल फॉर्मची टेस्ट घरी पाठवली तर उत्तरं ताईची, दादाची, क्लासच्या सरांची, कुणाचीही असू शकतात. आणि अगदी काहीच नको असेल तर छातीजवळ बोटं धरायला लावा, एक बोट म्हणजे ए, दोन म्हणजे बी, खरं सांगायचं तर बरंचसं काम त्यातही होतं, फक्त पोरं एकमेकांची बोटं बघतात आणि नोंद राहत नाही. पहिली-दुसरीला तर मी बोटंच सुचवेन, त्या वयात कार्ड योग्य बाजूनं फिरवण्यातच तास जातो.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा गुण इंटरनेटसाठी कापला. पैसे भरून त्यांचा प्रो प्लॅन घ्यावा का असं दोघा-तिघांनी विचारलं होतं, फुकटवाल्यात एका सेटमधे पाचच प्रश्न घालता येतात ही त्यांची तक्रार. सेट कितीही बनवा, मर्यादा फक्त एका सेटमधल्या प्रश्नांची आहे. ३५ मिनिटांच्या तासात मतदान, भांडण, परत मतदान असं धरलं तर माझे दोन प्रश्नसुद्धा पूर्ण होत नाहीत, तुम्ही सहावा कधी विचारणार आहात?